इतिवृत्तातली एक दुरुस्ती

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं फुटबॉल क्लबचे चिटणीस स्वतःशी म्हणत असत. जणू छत्री बसमध्ये राहून गेली होती. खरं म्हणजे उत्तर त्यांनी दिलं नव्हतं, आणि न देण्यासाठी सात वर्षं बरीच मेहनत घेतली होती.

पत्र पानभरसुद्धा नव्हतं. वहीतून फाडलेला रेघांचा कागद, निळी शाई, मोठं आणि उजवीकडे उतरत गेलेलं अक्षर. लिहिणारा माणूस लिहिण्यातला नव्हता. तो फुटबॉलचा प्रशिक्षक होता, क्लबमधून तीनच आठवडे आधी काढून टाकलेला. त्यानं लिहिलं होतं:

‘चिटणीस साहेब, सप्रेम नमस्कार. मला नोकरी परत नको. तुमच्यावर रागही नाही. एकच गोष्ट विचारायची आहे. त्या दिवशी सही करायच्या आधी मी तुम्हाला “यादी बरोबर आहे ना?” असं विचारलं होतं आणि तुम्ही “बरोबर आहे” म्हणालात, असं मला आठवतं. पण सगळे इतक्या ठामपणे उलटं सांगतात, की आता माझाच माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. मी विचारलं होतं का? हो किंवा नाही, एवढंच कळवा.’

एका शब्दाचं उत्तर. चिटणिसांनी त्याचे एकोणीस मसुदे केले. पस्तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेला माणूस, त्याला एका शब्दावर थांबता येईना. पहिला मसुदा पाच पानांचा झाला आणि वाचल्यावर तो वकिलानं लिहिल्यासारखा वाटला. दुसऱ्यात रडगाणं होतं. सातवा बरा जमला होता, पण जमला आहे हे कळताच त्यांना स्वतःची लाज वाटली आणि तो फाडला गेला. मग महिने लोटले. आता उत्तराआधी उशिराबद्दल क्षमा मागायला हवी होती. मग वर्ष लोटलं, आणि क्षमा मागायची तर उशिराचं कारण सांगायला हवं होतं. शेवटी पत्र त्यांनी एका दहा खंडांच्या इतिहासग्रंथाच्या तिसऱ्या खंडात ठेवलं. घरात तो खंड कोणी उघडणार नाही याची त्यांना खात्री होती.

आता त्या दिवसाबद्दल.

क्लबात एक पद्धत होती. सामन्याच्या सकाळी खेळणाऱ्यांची यादी चिटणीस आपल्या सुरेख अक्षरात लिहीत आणि प्रशिक्षक तिच्यावर सही करी. छापील नमुन्यावर सहीची जागा एकच होती, तिच्या वर लिहिलेलं असे, ‘वरील सर्व खेळाडू खेळण्यास पात्र असल्याची मी खात्री केली आहे.’ ही खात्री कोणी कशी करायची, हे मात्र क्लबात ठरून गेलेलं होतं. कोणाला किती पिवळी कार्डं मिळाली हे चिटणिसांच्या वहीत असे. चार झाली की पुढच्या सामन्याला तो खेळाडू बाहेर. प्रशिक्षक विचारी, “बरोबर आहे ना?” चिटणीस म्हणत, “बरोबर आहे.” सही होई. सहा मोसम हे असंच चालत आलं होतं आणि कधी एका अक्षराचीही चूक झाली नव्हती.

त्या मोसमात एक सामना धुक्यामुळे अर्ध्यावर थांबला आणि नंतर पहिल्यापासून पुन्हा खेळवला गेला. थांबलेल्या सामन्यात मधल्या फळीतल्या डावखुऱ्या खेळाडूला चौथं कार्ड मिळालं होतं. सामनाच रद्द, तर कार्डही रद्द. चिटणिसांच्या नियमपुस्तकात तसं स्पष्ट होतं. त्या पुस्तकावर त्यांचा जीव होता. समासात बारीक पेन्सिलीनं त्यांच्या टिपा होत्या, तारखा होत्या, कुठे कोणत्या पंचानं काय निर्णय दिला तेही होतं. लीगनं त्या वर्षी नवी आवृत्ती काढून पाठवली होती. ती पाकिटातच, त्यांच्या खणात पडून होती. कोरं करकरीत पुस्तक, एकही टीप नसलेलं. उघडावंसंच वाटलं नव्हतं.

नव्या आवृत्तीत लिहिलं होतं की सामना रद्द झाला तरी कार्ड कायम राहील.

डावखुरा खेळला, संघ जिंकला, आणि चार दिवसांनी हरलेल्या संघाची तक्रार आली. विजय काढून घेतला गेला, वर तीन गुण कापले, आणि संघ वरच्या विभागातून खाली घसरला. सभेत कोणाच्या तरी डोक्यावर खापर फुटायलाच हवं होतं. कागदावर सही एकाचीच होती. प्रशिक्षक उभा राहून म्हणाला, “मी चिटणिसांना विचारलं होतं.” सगळ्यांनी चिटणिसांकडे पाहिलं. चिटणिसांनी तोंड उघडलं, पण अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही लिहा हो, तुम्ही कशाला बोलताय,” आणि त्यांनी मान खाली घालून लिहायला घेतलं. ‘प्रशिक्षकांचा निष्काळजीपणा दिसून आल्याने’ असं आधी लिहिलं होतं. अध्यक्ष म्हणाले, जरा जोरदार लिहा. मग चिटणिसांनी ‘दिसून आल्याने’ खोडून ‘सिद्ध झाल्याने’ केलं. शब्द त्यांचाच होता.

सात वर्षांत क्लबानं पाच प्रशिक्षक बघितले. आता संघ खालच्या विभागातही तळाला होता. चौदा सामन्यांत दोन विजय. प्रेक्षक इतके थोडे आणि इतके ओळखीचे उरले होते की एखादा दिसला नाही तर चिटणीस तब्येतीची चौकशी करायला त्याच्या घरी फोन करत. पाचव्या प्रशिक्षकानं प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला, आणि पुढच्याच रविवारी तो दुसऱ्या संघाच्या बाकावर ठणठणीत उड्या मारताना दिसला. त्याच्यामागोमाग जनरल मॅनेजरही गेला.

तेव्हा अध्यक्षांनी ठरवलं की आधी नवा जनरल मॅनेजर नेमायचा आणि कोच त्यालाच निवडू द्यायचा. “म्हणजे पुन्हा बुडालो तर आपण नव्हतो,” असं खजिनदार म्हणाले. ते चिटणिसांनी इतिवृत्तात घेतलं नाही.

मुलाखती कपडे बदलायच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर झाल्या. त्या खोलीला बाराही महिने मलमाचा आणि ओल्या मोज्यांचा वास येई. मधलं टेबल अध्यक्षांच्या स्वतःच्या लाकूड कारखान्यातलं होतं, आणि ते डुगडुगतं असं बोलायची कोणाची छाती नव्हती. पहिल्या उमेदवाराला आल्याआल्या संघाच्या जर्सीचा रंग बदलायचा होता. दुसऱ्यानं आपली केबिन कुठे असेल ते विचारलं. तिसरी एक बाई होती, पंचेचाळिशीची. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती.

“हे काय झालं?” अध्यक्षांनी विचारलं.

“गोलरक्षक होते. ह्या बोटांनी पेनल्टी अडवली होती एकदा.”

“आणि?”

“पेनल्टी गेली बाहेर. बोटं मात्र तशीच राहिली.”

खजिनदारांना हसू आलं. अध्यक्षांनी गंभीरपणे विचारलं, “बरं, आल्यावर आधी काय कराल?”

“वाचीन.”

“काय वाचाल?”

“इतिवृत्तं. गेल्या दहा वर्षांची.”

“अहो बाई,” खजिनदार म्हणाले, “ती आमच्या चिटणिसांखेरीज कोणी वाचलेली नाहीत. आणि तेही लिहिताना नाइलाज झाला म्हणून.”

सगळे हसले. चिटणीसही हसले, आणि समोरची वही त्यांनी मिटून घेतली.

बाई बाहेर गेल्यावर अध्यक्ष हळूच म्हणाले, “बिचारी साधी दिसते. ऐकेल आपलं.” बाईंनी रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोणाचंही ऐकणं बंद केलं, आणि इतिवृत्ताच्या वह्या पिशवीत भरून घरी नेल्या.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, त्यांनी चिटणिसांना वर बोलावलं. टेबलाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून त्यांनी त्याचं डुगडुगणं थांबवलं होतं.

“बसा काका. तुमचं अक्षर फार छान आहे. झोप मोडून वाचलं मी.”

चिटणीस लाजले. अक्षराचं कौतुक झालं की ते अजूनही शाळेतल्या मुलासारखे लाजत.

“परवा मी अग्निशमन दलाचा संघ बघून आले,” बाई म्हणाल्या. “हौशी लोक सगळे. पण त्यांचा सराव बघण्यासारखा होता. चार बचावपटूंच्या कमरेला एकच दोरी. एक पुढे सरकला की चौघं पुढे, एक थांबला की चौघं थांबणार. शिव्या काय देतात एकमेकांना! अर्ध्या तासानं कोचनं दोरी सोडली, तरी चौघं बांधल्यासारखेच हलत होते. सात सामन्यांत त्यांनी दोन गोल खाल्लेत. आपण किती?”

“एकतीस.” असे आकडे चिटणिसांना विचारायची खोटी.

“तो कोच पूर्वी आपल्याकडे होता ना? दोरीवाला म्हणतात त्याला.”

“होता.”

“मला तो हवाय. पण मग हे वाचलं.” बाईंनी वहीतल्या ओळीवर वाकडं बोट ठेवलं. चिटणिसांना आपलं अक्षर उलटं दिसत होतं. उलटंही वाचता आलं. ‘निष्काळजीपणा सिद्ध झाल्याने.’ “त्या दिवशीची यादी मी फायलीतून काढली. ती तुमच्या अक्षरात आहे.”

“याद्या मीच लिहायचो.”

“मग कार्डं कोण मोजायचं?”

खाली कोणीतरी नळ सोडला आणि जुन्या पाइपात घरघर झाली. चिटणिसांना तिचा आधार वाटला, पण ती लगेच थांबली.

“मी नुसता लिहायचो,” ते म्हणाले. “बाकी सगळं कोच बघायचे.”

बाईंनी वही मिटली. “मग नको. न वाचता सही करणारा माणूस कितीही हुशार असला तरी मला नको. दुसरा एक आहे, लॅपटॉप घेऊन हिंडतो. तोही काही वाईट नाही. शनिवारच्या सभेत त्याचं नाव ठेवते.” आणि उठता उठता त्या म्हणाल्या, “बरं झालं तुम्हाला विचारलं, काका.”

चिटणीस कठडा धरून जिना उतरले. सात वर्षं ते गप्प बसले होते, आणि गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे या एका फटीतून श्वास घेत आले होते. आज तीही बुजली. विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी सरळ, स्वच्छ आवाजात खोटं उत्तर दिलं होतं. तेही न अडखळता. खरं बोलताना एरवी शब्द सापडत नसत, आज एका दमात बोलले होते.

मैदानावर माळी चुन्याच्या रेषा मारत होता. क्लबात चिटणिसांइतका जुना तो एकटाच.

“काय चिटणीस, लॅपटॉप येतोय म्हणे?”

“तुला कोणी सांगितलं?”

“मला सगळं कळतं, फक्त पगारवाढ कधी ते कळत नाही. आपला दोरीवाला नाही येत?”

“नाही बहुतेक.”

माळ्यानं रेघ पुरी केली, मागे वळून ती सरळ आली का ते पाहिलं. “तो येतो, माहीत आहे तुम्हाला? घरचा सामना असला की. आत येत नाही. गाड्या लावतात तिकडे तारेच्या कुंपणाला चिकटून उभा राहतो. मी म्हटलं, आत या की हो. तर म्हणतो, नको, मला आत बघितलं तर लोक यादी तपासायला धावतील.” माळी हसला. मग डबा खाली ठेवून म्हणाला, “मी हसलो तेव्हा. घरी गेलो आणि बायको म्हणाली, जेवत का नाही. नाही गेलं हो जेवण.”

चिटणीस त्या कुंपणाकडे बघत राहिले. सात वर्षं ते मुख्य स्टँडमध्ये गादीच्या खुर्चीत बसत आले होते. तिथून कुंपण दिसत नसे.

घरी बायकोनं चहा ठेवला, तो निवला, तिनं परत गरम केला, तो परत निवला.

“आता तिसऱ्यांदा नाही करणार,” ती म्हणाली. “झालंय काय?”

“खोटं बोललो आज.”

“कोणाशी? माझ्याशी असेल तर राहू द्या, सवय आहे.”

ते हसले नाहीत, तेव्हा ती समोर येऊन बसली. त्यांनी सांगायला सुरुवात केली, धुक्याचा सामना, दोन आवृत्त्या, रद्द झालेलं आणि न झालेलं कार्ड. तिनं हात वर केला.

“मला ठाऊक आहे. तिसऱ्या खंडात आहे ते पत्र.”

“तू वाचलंस?”

“अहो, त्या पुस्तकांवरची धूळ कोण पुसतं? सात वर्षांपूर्वीच वाचलं.”

“आणि एका शब्दानं बोलली नाहीस?”

“पत्र मला आलं होतं का? मला वाटलं, आज लिहितील, उद्या लिहितील. रद्दीत चिंध्या सापडायच्या तुमच्या. किती लिहायचात, आणि काय ती भाषा! अहो, त्यानं विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय. चूक कबूल करायची तर तीसुद्धा वाचणाऱ्यानं वा वा म्हणावं अशी हवी तुम्हाला.”

चिटणिसांना ते झोंबलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं, हिला काय कळतंय. मग कप उचलून दुसऱ्यांदा निवलेला चहा त्यांनी पिऊन टाकला.

“मी भित्रा आहे,” ते म्हणाले.

“असाल. पण शनिवारची सभा चार वाजता आहे ना? भित्र्या माणसांनाही चार वाजता पोचता येतं.”

शनिवारी सात जण जमले. सभेची सुरुवात नेहमीप्रमाणेच व्हायची होती. चिटणिसांनी मागल्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, विचारायचं, “कोणाला काही दुरुस्ती सुचवायची आहे का?”, कोणी काही बोलायचं नाही, आणि अध्यक्षांनी “कायम” म्हणून सही करायची. एकतीस वर्षांत फक्त एकदा एका सभासदानं आपल्या नावाआधी ‘श्री’ राहिल्याची दुरुस्ती सुचवली होती.

चिटणिसांनी वाचून दाखवलं. विचारलं. अध्यक्षांनी पेन उघडलं.

“मला सुचवायची आहे,” चिटणीस म्हणाले.

“तुम्हालाच? बरं, सुचवा आणि चला पुढे.”

“ह्या सभेची नाही. सात वर्षांपूर्वीच्या.” त्यांनी बाईंपुढच्या वह्यांतून जुनी वही ओढून घेतली. घाईत पान सापडेना, शेवटी शेजारी बसलेल्या बाईंनीच आपण खूण ठेवलेलं पान उघडून दिलं. “प्रशिक्षकांचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याने, असं मी लिहिलं आहे. ते खरं नाही. कार्डं मी मोजली होती. जुन्या नियमपुस्तकावरून मोजली. नवं पुस्तक माझ्या खणात होतं, मी ते उघडलं नव्हतं. प्रशिक्षकांनी मला विचारलं, यादी बरोबर आहे ना. मी म्हणालो, बरोबर आहे. त्यानंतर त्यांनी सही केली.”

अध्यक्षांच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू चढत होता. ‘तुम्ही लिहा हो, तुम्ही कशाला बोलताय’ हे वाक्य चिटणिसांच्या जिभेवर आलं होतं. ते सांगितलं असतं तर भार निम्मा झाला असता. त्यांनी ते गिळलं. गप्प कोण बसलं होतं, ते त्यांना माहीत होतं.

“आत्ता हे उकरून काय मिळवायचंय?” अध्यक्ष म्हणाले. “ते इतिवृत्त कायम झालंय. कायम झालेलं बदलता येत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.”

“बदलता येत नाही. पण खाली तारखेसह दुरुस्ती नोंदवता येते. तसा लीगचा नियम आहे.”

“कितव्या आवृत्तीतला?” खजिनदार म्हणाले.

एक जण हसला आणि एकट्यानंच हसल्याचं लक्षात येताच खोकला. चिटणिसांचे कान तापले. पण ते म्हणाले, “नव्या. काल वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत.”

बाई इतका वेळ वहीकडे बघत होत्या. आता त्या वळल्या.

“काका, मंगळवारी मी तुम्हाला हेच विचारलं होतं.”

“हो.”

“तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?”

“खोटं सांगितलं.”

त्यांना वाटलं होतं, बाई काहीतरी म्हणतील, असू द्या काका, किंवा निदान रागावतील. बाईंनी नुसती मान हलवली, कागदावर आकडा लिहून घ्यावा तशी. त्यानंतर त्यांनी चिटणिसांना काका म्हटलं नाही.

“माझा प्रस्ताव बदलते,” त्या म्हणाल्या. “मला दोरीवाला कोच हवाय.”

“अहो, लोक काय म्हणतील?” अध्यक्ष म्हणाले. “ज्याला हाकलला त्यालाच परत? आपलीच नाचक्की!”

“तळाला आहोत आपण. खाली उरलंय काय नाचक्की व्हायला?”

बराच वेळ वादावादी झाली. अध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटली, पण टेबल आता हलत नसल्यामुळे तिचा पूर्वीसारखा परिणाम झाला नाही. मत घेतलं तेव्हा चार विरुद्ध तीन झाले. चिटणिसांनी दुरुस्ती नोंदवली, तारीख घातली आणि खाली, एकतीस वर्षांत प्रथमच, स्वतःची सही केली. मग खिशातून राजीनाम्याचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

“ते नंतर बघू,” बाई म्हणाल्या, आणि फोन लावून सगळ्यांना ऐकू येईल असा मध्ये ठेवला.

पलीकडे पाण्याचा मोठा फवारा चालू होता. बंबाची गाडी धूत असावेत. “बोला,” असा ओरडता आवाज आला आणि चिटणिसांना सात वर्षांनी तो तसाच्या तसा ओळखू आला. बाईंनी आपण कोण ते सांगितलं. क्लबला कोच हवाय, आणि जुनी दुरुस्ती आज नोंदवली गेली आहे, हेही सांगितलं. पलीकडून कोणाला तरी “पाणी बंद कर रे” म्हटलं गेलं. फवारा थांबला.

“कोणी सांगितलं सभेत?”

“चिटणिसांनी.”

“आहेत का ते तिथे?”

“समोर बसलेत. ऐकतायत.”

चिटणीस पुढे वाकले. “मी... मला...”

“नको,” आवाज म्हणाला. रागीट नव्हता, दमलेला होता. “फोनवर नको. मी लिहून विचारलं होतं, चिटणीस. उत्तर पण लिहूनच पाहिजे. बाई, ते माझ्या हातात पडू दे. तोवर मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.”

फोन बंद झाला.

“बघा, माज बघा!” अध्यक्ष म्हणाले. “गरज आपल्याला आहे ना!”

“आहेच,” बाई म्हणाल्या. “चिटणीस, टपाल किती वाजता निघतं?”

“साडेपाचला.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, वह्या गोळा केल्या आणि बाकीच्यांना घेऊन खाली गेल्या. खोलीत चिटणीस एकटे राहिले.

कोरा कागद समोर घेतल्यावर हात आपोआप चालू लागला. ‘आपले सात वर्षांपूर्वीचे पत्र आज पुन्हा वाचताना मनात जे...’ इथवर येऊन त्यांनी कागद चुरगळला. पुढचा कागद घेतला आणि विचारलं होतं तेवढंच लिहिलं.

‘सप्रेम नमस्कार. हो. तुम्ही विचारलं होतं, आणि मी “बरोबर आहे” म्हणालो. मोजणी माझी होती आणि चूक माझी होती. सभेत मी गप्प बसलो.’

इथे पत्र संपवता आलं असतं. पण सात वर्षांचं काय? पत्र टपालात गहाळ झालं, असं त्या माणसाला वाटत असेल कदाचित. वाटत असेल तर वाटू द्यावं. त्यात कोणाचं काय जाणार होतं? ती नोकरी त्याला मिळतच होती, नाव साफ झालंच होतं. चिटणिसांनी पेनाचं टोपण लावलं. खाली खेळाडू सरावाला उतरले होते, कोणीतरी कोणाला तरी आळशी म्हशीची उपमा देत होतं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यांनी टोपण काढलं.

‘तुमचं पत्र मला तेव्हाच मिळालं होतं. मी उत्तर दिलं नाही.’

अक्षर चांगलं आलं नव्हतं. शेवटचा शब्द कागदाच्या कडेला दाटीवाटीनं बसला होता. पुन्हा स्वच्छ उतरून काढावं असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या मोहानंच घाबरून त्यांनी कागदाची घडी घालून पाकीट चिकटवलं.

फाटकापाशी माळी भेटला. “त्यांचं घर तेच आहे ना, जुनंच?” चिटणिसांनी विचारलं.

“तेच. बदलून जाणार कुठे?” माळ्यानं पाकिटावरचं नाव वाचलं, चिटणिसांकडे पाहिलं. त्यानं फाटक उघडून धरलं.

टपाल कचेरी दोन चौक पुढे होती. चिटणीस वयाला शोभणार नाही इतक्या भराभर चालले आणि पोचले तेव्हा कारकून पेटीचं कुलूप काढून थैली भरत होता.

“आत टाका की आजोबा, अजून वेळ आहे,” तो बाजूला सरकत म्हणाला. “का माझ्याकडे देता?”

“नको, मीच टाकतो,” चिटणीस म्हणाले, आणि त्यांनी पाकीट थैलीत सोडलं.